सोशल अँथ्रोपॉलॉजीचं फील्डवर्क आणि डिपार्टमेंटचा सेमिनार : विषय धरण्यापासून प्रश्नोत्तरं झेलण्यापर्यंत

एमएच्या दुसऱ्या वर्षाचं डिझर्टेशन असो नाहीतर पीएचडीचं पहिलं-दुसरं वर्ष, सोशल अँथ्रोपॉलॉजीच्या पोरापोरींना दोन गोष्टींचं टेन्शन असतं, एक म्हणजे फील्डवर जाऊन नेमकं करायचं काय आणि दुसरं म्हणजे आल्यावर सगळ्यांसमोर बोलायचं काय. मेथडॉलॉजीच्या पेपरात पार्टिसिपंट ऑब्झर्व्हेशनची (लोकांमध्ये राहून, त्यांच्यात मिसळून बघण्याची) व्याख्या पाठ केलेली असते, पण एखाद्या वस्तीवर संध्याकाळी सहा वाजता कुणाशी काय बोलायचं हे तिथं लिहिलेलं नसतं, आणि सेमिनार कसा द्यायचा हे तर कुणी शिकवतच नाही, सीनियरचं बघून शिकायचं असतं, आणि सीनियर चाळीस स्लाइड वाचून दाखवत असतो.

माझं मत असं की या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की दोन्ही बिघडतात. सेमिनारचा पेपर परत आल्यावर लॅपटॉपसमोर बसून तयार होत नाही, तो फील्डवरच्या वहीत तयार होतो, वहीत नसेल तर कितीही थिअरी घाला, खोलीतल्या लोकांना पाच मिनिटांत कळतं. म्हणून इथं सगळं एका उदाहरणावरून सांगतो, ऊसतोड कामगारांच्या. मराठवाड्यात किंवा नगरकडे घर असलेल्या निम्म्या विद्यार्थ्यांना हा विषय जवळचा असतो, आणि विषय जवळचा असला की चुका जास्त होतात.

विषय बारीक करायचा

'ऊसतोड कामगारांचा सामाजिक-सांस्कृतिक अभ्यास' असं टायटल घेऊन गाईडकडे गेलात की गाईड म्हणणार, छान, नॅरो डाउन करा, आणि तुम्ही काय करता तर 'बीड जिल्ह्यातील' असं पुढे जोडता. हे नॅरो डाउन झालं नाही, नुसता नकाशा लहान झाला. प्रश्न लहान व्हायला पाहिजे. सोपा उपाय सांगतो, प्रश्न असा लिहा की त्यात कुणीतरी माणूस काहीतरी ठरवतोय, करतोय, टाळतोय. उदाहरणार्थ, मागच्या सीझनची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नसेल तर यंदा कुठल्या मुकादमाबरोबर (टोळी जमवून नेणाऱ्या ठेकेदाराबरोबर) जायचं हे घरात कोण ठरवतं आणि कसं? किंवा, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं यातलं कोण गावात राहणार आणि कोण फडावर (ऊस तोडायच्या जागी) येणार हे कधी आणि कुणाच्या बोलण्यावर ठरतं? असा प्रश्न हातात असला की कुणाशी बोलायचं, कुठं बसायचं, कुठल्या महिन्यात जायचं हे आपोआप ठरायला लागतं.

आणि महिना फार महत्त्वाचा आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या गाव सोडतात आणि कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, पाऊसपाणी आणि उसाच्या उपलब्धतेवर पुढेमागे होतो. तुमच्या युनिव्हर्सिटीची परीक्षा नोव्हेंबरात आणि फील्डवर्कची परवानगी मे महिन्यात असेल तर मेमध्ये तुम्हाला गावात परत आलेली, हिशोब झालेली किंवा न झालेली, पुढच्या उचलीची बोलणी करणारी माणसं भेटणार. ते वाईट नाही, उलट वरचा पहिला प्रश्न मे-जूनमध्येच चांगला दिसतो. पण 'फडावरचं आयुष्य' हा विषय घेऊन मेमध्ये गेलात तर फक्त आठवणी गोळा होतील.

जाण्याआधीचा अभ्यास

शोधगंगावर (विद्यापीठांच्या थीसिसचं ऑनलाइन भांडार) जाऊन आपल्या विषयावरचे थीसिस बघा, मराठीतले पण बघा, त्यातले बरेचसे प्रश्नावली-टक्केवारीचे असतात पण त्यांच्या परिशिष्टात गावांची माहिती, मजुरीचे जुने दर असलं बरंच काही सापडतं. साखर आयुक्तालय पुण्यात आहे, कारखान्यांचे गाळपाचे आकडे तिथून येतात. विषय आदिवासी समाजाचा असेल तर पुण्यातल्याच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची लायब्ररी आणि म्युझियम चुकवू नका.

पीएचडीवाल्यांनी नियमांचा कागद एकदा शांतपणे वाचावा, यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं, पीएचडीचा काळ किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, दर सेमिस्टरला रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीपुढे प्रगती मांडावी लागते आणि थीसिस जमा करण्याआधी एक प्रेझेंटेशन सगळ्या फॅकल्टी आणि विद्यार्थ्यांसाठी खुलं ठेवून द्यावं लागतं. म्हणजे सेमिनार टाळता येणार नाहीच, मग त्याचा उपयोग तरी करून घेऊ.

आत शिरताना

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या, राज्य सरकारने समिती नेमली, पत्रकार आले, एनजीओ आल्या, सर्व्हेवाले आले. त्यामुळे काही गावांत वही घेऊन कुणी आलं की बायका आधीच ठरलेलं उत्तर देतात किंवा सरळ आत निघून जातात, आणि ते बरोबरच आहे. पहिल्या दिवशी वही काढू नका. सरपंच, ग्रामसेवक यांना भेटा, युनिव्हर्सिटीचं पत्र द्या, पण त्यांच्याच ओट्यावर मुक्काम ठोकू नका कारण मग अख्ख्या गावाला तुम्ही त्यांचे पाहुणे. मुकादमाचं तर त्याहून अवघड, त्याच्याशिवाय टोळी भेटत नाही आणि त्याच्याबरोबर गेलात तर टोळी बोलत नाही. यावर माझा सल्ला असा की मुकादमाला भेटायचं, त्याची मुलाखत घ्यायची (त्याची पण बाजू असते, कारखान्याकडून किंवा वाहनमालकाकडून घेतलेले पैसे त्याच्या अंगावर असतात), पण टोळीकडे जायचं ते दुसऱ्या ओळखीतून, शाळेतल्या बाईंकडून, आशा ताईंकडून, किंवा गावातच राहिलेल्या आज्ज्यांकडून. आज्ज्या हा तर खजिना आहे, घरातली कर्ती माणसं फडावर गेली की नातवंडं सांभाळत घर त्याच चालवतात आणि त्यांना बोलायला वेळ आणि इच्छा दोन्ही असतं.

कन्सेंट फॉर्मबद्दल. एथिक्स कमिटी लेखी संमती मागते, पण ज्या माणसाने उचल घेताना कधीतरी न वाचता कागदावर अंगठा दिलाय त्याच्यापुढे तुम्ही पुन्हा एक छापील कागद आणि स्टॅम्प पॅड ठेवलं तर तो घाबरणारच. प्रपोजलमध्येच लिहा की तोंडी संमती घेणार, ती तारखेसकट नोंदवणार, आणि का ते पण लिहा, कमिट्या हे मान्य करतात. संमती म्हणजे पण एकदा विचारलं आणि मोकळे झालो असं नसतं, उचलीची रक्कम, दवाखान्याचा खर्च, मारहाण असलं काही बोलणं निघालं की पुन्हा विचारायचं, 'काका, हे लिहू का?'

एक गोष्ट गाईडबरोबर आधीच बोलून ठेवा, समोर काही भयंकर घडलं, टोळीतल्या कुणाला डांबून ठेवल्याचं कळलं तर तुम्ही काय करणार, कुणाला फोन करणार. ऐनवेळी ठरवायची ही गोष्ट नाही. आणि 'तुमच्यासाठी काहीतरी करतो' हे वाक्य तोंडातून येऊ द्यायचं नाही, डिझर्टेशनने कुणाची उचल फिटत नाही.

फडावर गेलात तर उत्साहात कोयता हातात घेऊ नका. मजुरी टनावर असते, तुमचा हात हळू, तुम्ही मध्ये लुडबुड केली की त्या जोडीचा तेवढा ऊस कमी भरणार. पाणी आणून द्या, पोरं सांभाळा, फार तर मोळी बांधायला मदत करा. पहाटे अंधारात माणसं कामाला लागतात आणि गाडी भरायचं बोलावणं रात्रीबेरात्री पण येतं, त्यामुळे 'सकाळी 11 वाजता इंटरव्ह्यू' असलं टाइमटेबल घरीच ठेवा. चिटबॉयशी (तोडीवर नेमलेला कारखान्याचा माणूस) ओळख करून घ्या, कुठल्या शेतातली तोड कधी हे कारखान्याच्या बाजूने त्याला माहीत असतं.

घर मोजायचं कसं

इथं जरा थांबतो कारण बहुतेक डिझर्टेशनं इथंच पातळ होतात. प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न असतो, कुटुंबातील सदस्यसंख्या. माणूस म्हणतो सहा. तुम्ही सहा लिहिता. पण कुठले सहा?

गावात विचारायचं की एका चुलीवर कोण कोण जेवतं, त्यात आजी, दोन मुलं, मधला दीर असे लोक येतील. फडावर विचारायचं की एका कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) कोण राहतं, तिथं आजी नाही, दीर नाही, पण नवऱ्याच्या मावसभावाची बायको आणि तिचं तान्हं असू शकतं. आणि तिसरं, मुकादमाच्या वहीत एका नावापुढे कोण आहे, तिथं नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता', आणि उचल कोयत्यावर दिलेली असते, त्यामुळे बायकोची मेहनत नवऱ्याच्या नावाखाली जाते आणि तिच्या वेगळ्या मजुरीचा आकडाच कुठं नसतो. म्हणजे चूल, कोपी आणि वही या तीन जागी 'घर' वेगवेगळ्या माणसांचं आहे. एकाच कुटुंबासाठी या तीन याद्या शेजारी शेजारी लिहा, अशी दहा-बारा कुटुंबं करा, आणि बघा कुठलं नाव कुठल्या यादीतून गळतं. मी सांगतो, सेमिनारमध्ये हा एक तक्ता दाखवलात तर वीस मिनिटं पुरणार नाहीत.

याच्याच जोडीला वंशावळ काढायची. ही पद्धत इंग्रज मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सने 1898 च्या टॉरेस स्ट्रेट्स मोहिमेत बसवली, आणि आपल्याकडे तिचा धागा सरळ येतो कारण गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला रिव्हर्सच्याच हाताखाली शिकले आणि परत येऊन 1924 पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी चालवला. शंभर वर्षं जुनी पद्धत आहे, पण अजून हिच्याइतकं पटकन काही माणसाला बोलतं करत नाही. त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, बरोबरचं चिन्ह म्हणजे लग्न. समोर वही उघडी ठेवून काढा, लोकांना ते बघायला आवडतं, शेजारीण येऊन दुरुस्ती करते, 'अगं ती थोरली, ही धाकटी.' प्रत्येक नावाला सख्खा, चुलत, मावस, आते, मामे हे लगेच विचारून घ्या, आपल्याकडे सगळेच भाऊ आणि सगळेच पाहुणे असतात. मुली कुठल्या गावात दिल्या हे लिहा, मेलेली माणसं पण लिहा, ती कशी गेली हे मात्र पहिल्या भेटीत विचारू नका.

मग त्याच आकृतीवर रंगीत पेनाने दाखवा की यंदाच्या टोळीत कोण कोण आहे. भावकी किती, बायकोच्या माहेरचे किती, साडू-मेव्हणे किती. 1953 मध्ये इरावती कर्वेंनी भारतभरच्या नातेव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधला प्रदेश म्हणून येतो, इथं मामाच्या मुलीशी लग्न चालतं, अनेक जातींत पसंतही केलं जातं, पण आत्याच्या मुलीशी तितकं नाही. अशा लग्नाने जोडलेली घरं एकाच टोळीत दिसतात का, हे तुमच्या आकृतीवर बघता येईल. दिसली तर का, नाही दिसली तर का. हा प्रश्न टेबलावर बसून सुचत नाही.

वही

मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर 1915 ते 1918 च्या दरम्यान काम केलं आणि 1922 च्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं की तीन तऱ्हेचं मटेरियल लागतं, एक समाजाचा सांगाडा (नियम, तक्ते, नकाशे, वंशावळी), दुसरं रोजच्या जगण्यातले बारीकसारीक तपशील जे विचारून मिळत नाहीत, बघूनच मिळतात, आणि तिसरं लोकांचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे. माझा सल्ला, वहीचं पान उभं तीन भागांत आखू नका, ते शाळकरी होतं, पण रात्री लिहून झालं की बघा या तिन्हीतलं आज काय राहिलं. बहुतेकांचं दुसरं राहतं.

जागेवर फक्त खुणेचे शब्द लिहायचे, मोबाइलवर टाइप केलं तरी चालतं, उलट मोबाइलवर कुणाचं लक्ष जात नाही. पण रात्री झोपायच्या आधी पूर्ण लिहायचं. उद्या लिहू म्हटलं की गेलं, तपशील जातो आणि तुमचं मत तेवढं उरतं.

समजा हिशोबाच्या दिवशी तुम्ही बसलाय, मुकादम कुणाचे किती खाडे (कामावर न आलेले दिवस) ते वाचतोय. वाईट नोट अशी असते: 'हिशोब झाला. मुकादमाने कामगारांची फसवणूक केली. महिलांना निर्णयात स्थान नाही.' चांगली नोट अशी: 'मुकादम खुर्चीवर, टोळीतले सहा पुरुष खाली पोत्यावर, बायका मागे कोपीच्या दाराशी. मुकादम वही वाचतो, रक्कम मोठ्याने, खाडे हळू आवाजात. चौथ्या नावाला मागून एक बाई म्हणाली, "त्या दिशी मी आले होते, पोरगं तापलं म्हून हे नव्हते." नवरा वळून बघतो, बोलत नाही. मुकादम म्हणतो, "एकानं कोयता होत नाही, वहिनी." बाई परत काही बोलली, ऐकू आलं नाही, दुसरी बाई हसली. मुकादमाने पुढचं नाव घेतलं. खाडा तसाच.' बघा, दुसऱ्या नोटमध्ये फसवणूक हा शब्द कुठंच नाही, तरी सगळं आहे, आणि बाईला स्थान नाही असं पण नाही, ती बोलली, तिच्या बोलण्याला वहीत रकाना नव्हता. तुमचं मत खाली वेगळ्या रंगात लिहा, कंसात लिहा, पण वेगळं ठेवा.

बोली सुधारू नका. 'त्या दिशी', 'म्हून' हे तसंच ठेवायचं, प्रमाण मराठी करून मग इंग्रजी केलं की माणूस दोनदा धुतला जातो.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर करा, पण एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास सहज जातात, चाळीस तास रेकॉर्ड करून आणलं तर सेमिस्टर तिथंच संपलं. मी म्हणेन की मोजक्या मुलाखती रेकॉर्ड करा, बाकी वही.

बॅकअप तर पाहिजेच. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात फील्डवर्क केलं, नोट्स वर्षानुवर्षं लावून प्रोसेस केल्या आणि 24 एप्रिल 1970 ला स्टॅनफर्डमध्ये जाळपोळीत त्या प्रोसेस केलेल्या नोट्सच्या तिन्ही प्रती गेल्या, कारण तिन्ही एकाच ठिकाणी होत्या. त्यांनी मग गाव आठवून लिहिलं आणि 1976 मध्ये पुस्तक आलं, ते गाजलं. पण ते श्रीनिवास होते. आपण रोज रात्री वहीच्या पानांचे फोटो काढून ड्राइव्हवर टाकायचे, फोल्डरला पासवर्ड, आणि खऱ्या नावांची यादी तिसरीकडेच.

नावं बदलताना नुसतं नाव बदलून भागत नाही. गावात दोन मुकादम असतील, त्यातला एक माजी उपसरपंच असेल, तर 'एक मुकादम, जो पूर्वी पंचायतीत पदावर होता' एवढं लिहिलं की तालुक्यातलं शेंबडं पोरगं पण ओळखेल. अशावेळी दोन माणसांचे तपशील मिसळा किंवा तो तपशील गाळा, आणि तसं केलंय हे एका ओळीत कबूल करा.

मटेरियल लावणं

हे थोडक्यात. सगळ्या नोट्स एकदा सलग वाचून काढा, पेन न घेता. दुसऱ्यांदा वाचताना बाजूला शब्द लिहा, खाडा, उचल, आजी, माहेर, दवाखाना, असे लोकांच्या तोंडचे, 'पॉवर', 'एजन्सी' नंतर येतीलच. टॅगेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, संदर्भांसाठी झोटेरो पण फुकट आहे, पण खरं सांगायचं तर रंगीत स्टिकर आणि जमीन यावर पण चालतं. जी घटना तुम्हाला अजून नीट कळलेली नाही, जिच्याभोवती तुमचे शब्द गोळा होतायत पण अर्थ लागत नाही, ती बाजूला काढा. तीच सेमिनारला घ्यायची.

सेमिनारचा पेपर

सेमिनार म्हणजे छोटी व्हायव्हा (तोंडी परीक्षा) नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मालिनोव्स्कीचा सेमिनार चालायचा, रेमंड फर्थ, इव्हान्स-प्रिचर्ड, मेयर फोर्टेस हे पुढे नावाजलेले मानवशास्त्रज्ञ सगळे त्यातून गेले, आणि तिथला शुक्रवारचा सेमिनार अजून चालतो. त्या परंपरेत एक गोष्ट गृहीत आहे की पेपर अर्धाकच्चा असला तरी हरकत नाही, मटेरियल पक्कं पाहिजे. आपल्याकडे उलटं होतं, पेपर गुळगुळीत करून आणतात, सगळे छान छान म्हणतात आणि चहाला जातात.

आपल्याकडे साधारण वीस मिनिटं मिळतात. मराठीत मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा, म्हणजे दोन ते अडीच हजार शब्द, त्याहून एक ओळ जास्त लिहू नका आणि घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचा. सुरुवात घटनेने करा, वरचा हिशोबाचा प्रसंगच घ्या, दोन मिनिटं. मग लगेच तुमचा प्रश्न, एका वाक्यात. मग आधी कुणी काय म्हटलंय ते, पण दोनच मिनिटं, आणि फक्त ज्यांच्याशी तुमचं काही देणंघेणं आहे तेच. 'समाजशास्त्राची व्याख्या', 'संशोधनाची गरज', 'व्याप्ती व मर्यादा' या स्लाइड उडवा, खोलीत बसलेल्यांना समाजशास्त्र काय ते माहीत आहे. मग दहा-बारा मिनिटं नुसतं मटेरियल, चूल-कोपी-वहीचा तक्ता, एक वंशावळ, दोन माणसांचं बोलणं. आणि शेवटची दोन-तीन मिनिटं, तुम्ही कुठं अडकलाय ते स्पष्ट सांगा. 'वहीत बायकोचं नाव नाही, पण घरात पैसा तिच्या हातात आहे, या दोन गोष्टी मला एकत्र बसवता येत नाहीत' असं म्हणालात की खोलीतले सगळे तुमच्या बाजूने विचार करायला लागतात.

एकाच पानाचं हँडआउट काढा, एका बाजूला तक्ता, दुसऱ्या बाजूला मूळ बोलीतली तीन-चार उद्धरणं. पीपीटीत पाच-सहा स्लाइड पुरतात. लोकांचे चेहरे दिसणारे फोटो नको, त्यांनी हो म्हटलं असलं तरी नको, कारण स्लाइडचा फोटो काढून कोण कुठं टाकेल सांगता येत नाही.

पेपर दोन-तीन दिवस आधी डिस्कसंटला (तुमच्या पेपरवर बोलायला नेमलेल्या व्यक्तीला) द्या. डिस्कसंट नसेल तर एखाद्या सीनियरला स्वतः जाऊन सांगा, ताई, तुम्ही पाच मिनिटं बोलाल का. आणि शक्यतो दुसऱ्या फील्डवरची व्यक्ती घ्या, मच्छीमार समाजावर काम करणारी मुलगी उचलीबद्दल ऐकून लगेच म्हणेल की आमच्याकडे व्यापारी बोटीला असंच ॲडव्हान्स देतो, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

इंग्रजी की मराठी, हा वाद दर वर्षी होतो. डिपार्टमेंटचा नियम असेल तो पाळा, पण उद्धरणं मूळ मराठीत आधी आणि भाषांतर नंतर. मराठीत बोलायची मुभा असेल तर बोला, निम्मे विद्यार्थी इंग्रजीत वाक्य जुळवता जुळवता आपलंच मटेरियल विसरतात.

प्रश्नोत्तरं

काही प्रश्न ठरलेले असतात, त्यांची तयारी करून जायची. 'सॅम्पल साइज किती?' यावर चिडू नका, किती घरं, किती महिने, कुणाशी किती वेळा बोललात ते सांगा आणि म्हणा की टक्केवारी काढायचा दावा नाही, घडतं कसं ते दाखवतोय. 'थिअरेटिकल फ्रेमवर्क काय?' यावर नावांची माळ लावू नका, ज्या एका कल्पनेमुळे तुमचं मटेरियल वेगळं दिसलं तेवढीच सांगा. 'यात नवीन काय?' हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, रागाने विचारला तरी. 'उपाय काय सुचवाल?' हा आपल्याकडे हमखास येतो, त्याला सरळ म्हणायचं की सर, सध्या मी प्रश्न समजून घेतोय, पण हिशोबात बायकांची हजेरी वेगळी लागत नाही एवढं मात्र दिसलं. 'तू तर त्याच भागातला, मग वस्तुनिष्ठता?' हा पण येणार. त्याचं उत्तर भाषणाने देता येत नाही, नोट्समध्ये तुम्ही स्वतः कुठं बसला होतात, कोण तुमच्यासमोर गप्प झालं, ते दाखवून देता येतं. इरावतीबाईंनी पंढरीच्या वारीवर लिहिलं ते दिंडीत चालत लिहिलं, आणि एकत्र चालणाऱ्या, एकत्र अभंग म्हणणाऱ्या दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात हे त्यांनी स्वतः त्या वारीत रमलेल्या असतानाच नोंदवलं.

एखादे ज्येष्ठ सर प्रश्न न विचारता सात मिनिटं भाषण करतात. करू द्या. त्यातला तुमच्या कामाचा एक मुद्दा उचला, तेवढ्यावर बोला, बाकी सोडून द्या. उत्तर येत नसेल तर 'हे मी बघितलं नाही, पुढच्या खेपेला बघतो' म्हणायला लाजायचं कारण नाही, फक्त तीनदा म्हणू नका. आणि प्रश्न लिहून घ्यायचं काम मैत्रिणीला द्या, उभं राहून उत्तर देताना स्वतःला काही लिहिता येत नाही. कोण काय म्हणालं, कुठल्या स्लाइडला लोक वाकून बघायला लागले, कुठं मोबाइल निघाले, तिने सगळं टिपायचं. त्याच संध्याकाळी चहा घेऊन ती यादी दोघींनी वाचायची आणि परत फील्डवर जाताना विचारायच्या प्रश्नांत त्यातले दोन-तीन घालायचे.

ऐकायला बसलात तर तुमची पण ड्यूटी आहे. मटेरियलबद्दल विचारा. 'त्या बाईने दुसऱ्यांदा काय म्हटलं असेल?', 'ती दुसरी का हसली?' असा एक प्रश्न दहा थिअरीच्या प्रश्नांपेक्षा जास्त कामाचा.

डिपार्टमेंटमध्ये सेमिनारच नसेल तर

बऱ्याच ठिकाणी नसतो, वर्षातून एक नॅशनल सेमिनार असतो, बॅनर, शाल-श्रीफळ आणि सहा मिनिटांचे पेपर. त्याच्या सर्टिफिकेटचा उपयोग असतो, नाही असं नाही. पण आठ-दहा जणांनी मिळून एक वार, एक वेळ, एक खोली पक्की करा, खोली नाही मिळाली तर कॅन्टीन. दर वेळी एकानेच द्यायचं, आणि पेपरच पाहिजे असं नाही, फील्डनोटची दोन पानं नावं बदलून सगळ्यांना वाटा आणि तासभर फक्त त्यावरच बोला. वार बदलायचा नाही, तीनच जण आले तरी घ्यायचा. एकदा 'या आठवड्यात नको, परीक्षा आहे' झालं की बंद पडतं.

गावात परत

डिझर्टेशन जमा झाल्यावर एक खेप राहते. ऊसतोडवाल्यांच्या बाबतीत ही खेप मे ते ऑगस्टच्या दरम्यान करा, माणसं घरी असतात. इंग्रजी थीसिसची बाइंडिंग केलेली प्रत ग्रामपंचायतीला भेट देऊन फोटो काढण्यापेक्षा मराठीत चार-सहा पानं लिहून न्या आणि बसून वाचून दाखवा. उचलीच्या रकमा आणि कुणाकडे किती बाकी हे त्यातून आधीच काढून टाका, एका घराचं दुसऱ्या घराला तुमच्या कागदातून कळता कामा नये. बायकांना वेगळं बसवून वाचायची वेळ ठेवा, दुपारची, पुरुष पारावर असतात तेव्हा. लोक म्हणतील 'असं नसतं, तुम्ही उलटं लिहिलंय', तेही तारीख घालून लिहून घ्या, थीसिस जमा झाला असला तरी जर्नलला पाठवायचा पेपर अजून बाकी असतो.